पहिली डिस्ने ट्रिप, सासू-सासरे सोबत आणि रात्रीची उडालेली झोप

"ट्रिप ठरली तेव्हा खूप आनंद झाला होता, आता नुसतं टेन्शन येतंय, हे नॉर्मल आहे का?" उन्हाळा जवळ आला की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. जास्त करून परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींकडून येतो, ज्यांचे सासू-सासरे किंवा आई-बाबा इकडून गेलेले असतात आणि सगळ्यांना घेऊन पहिल्यांदाच फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डला जायचं असतं. अशाच एका क्लायंटची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती न्यू जर्सीत, नोकरी आयटीतली. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन. सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. ट्रिप ऑगस्टच्या शेवटी ठरवलेली, कारण तिकडे न्यू जर्सीतल्या शाळा बहुतेक लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर सुरू होतात आणि फ्लोरिडातल्या ऑगस्टच्या मध्यातच, त्यामुळे त्या दिवसांत पार्कात गर्दी त्यातल्या त्यात कमी असते आणि हॉटेलही जरा स्वस्त पडतं. म्हणजे बघा, अभ्यास पक्का होता तिचा. पण पहिल्या सेशनला ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि दुसऱ्याच मिनिटाला रडायला लागली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, लोकांचे अनुभव वाचायचे, एक्सेल शीट भरायची, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रंगीत चौकोन, आणि सकाळी उठून नवऱ्यावर चिडायचं. मुलांवर आवाज चढायला लागला तेव्हा मात्र तिचं तिलाच वाटलं की आता कुणाशी तरी बोलायला हवं.

मी तिला विचारलं, समजा प्लॅन चुकला, तर नक्की काय होईल?

"एवढे पैसे घालवून काहीच धड बघितलं नाही असं होईल."

असं कोण म्हणेल?

ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणणार कोणीच नाही. पण चेहऱ्यावर दिसेल ना."

खरी काळजी इथे होती. राईड कुठली, हॉटेल कुठलं हे सगळं नंतरचं. घरात विचारलं की नवरा म्हणायचा "तूच बघ, तुला जमतं हे सगळं", सासूबाई म्हणायच्या "आम्हाला काय गं, तुम्ही न्याल तिथे येऊ", सासरे पेपरातून मान वर न करता "काहीही चालेल". वाईट हेतू कुणाचाच नाही, उलट सगळ्यांना वाटतं आपण सुनेला मोकळीक देतोय, पण होतं असं की सहा माणसांच्या मनातलं ओळखायची जबाबदारी एकटीवर येते आणि चुकली तर तीही एकटीचीच. त्यात जावेने मागच्या वर्षी केलेल्या ट्रिपचे फोटो फॅमिली ग्रुपवर अजून फिरत होते. अशा वेळी माणूस माहिती गोळा करत सुटतो, कारण माहिती वाढली की दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग लगेच नवीन शंका येते. डिस्ने वर्ल्डच्या बाबतीत तर माहितीला अंतच नाही. सुमारे ४० चौरस मैल जागा आहे ती, जवळपास अख्ख्या सॅन फ्रान्सिस्को शहराएवढी. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम हा पहिला पार्क सुरू झाला, मग १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आता हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम, शिवाय दोन वॉटर पार्क आणि ढीगभर हॉटेलं. चार-पाच दिवसांत हे सगळं कुणाचंच बघून होत नाही. जावेचंही झालं नव्हतं, तिनेच फोनवर सांगितलं नंतर.

२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये दीड हजाराहून जास्त लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा जास्त आनंदी दिसली ती जायच्या आधी, परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक राहिलाच नाही, अगदी निवांत सुट्टी गेली त्यांच्यातच थोडाफार टिकला. हे मी तिला मुद्दाम सांगितलं, कारण वाट बघण्यातली मजा हा सुट्टीचा केवढा मोठा भाग आहे आणि तिचा तोच भाग एक्सेल शीटने खाऊन टाकला होता.

मग तिला एक काम दिलं. रविवारी जेवणं झाली की टीव्ही बंद करून सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या, एक जी मला हवीच आहे आणि एक जी मला अजिबात जमणार नाही. चर्चा नाही, "अगं पण" नाही, फक्त लिहून घ्यायचं. आणि लिहून घेणार नवरा. "काहीही चालेल" हे उत्तर धरायचं नाही.

पुढच्या सेशनला ती आली तीच हसत. सासूबाईंनी सांगितलं होतं, मला नातवंडांबरोबर पोहायचंय. घरात कुणालाच कल्पना नव्हती! माहुलीला कृष्णेच्या पात्रात पोहायला शिकलेली बाई, लग्नानंतर कधी पाण्यात उतरलीच नाही, चाळीसएक वर्षं झाली. एक्सेल शीटमध्ये हॉटेलच्या पूलसाठी एकही चौकोन नव्हता. सासरे कृषी खात्यातून रिटायर झालेले, त्यांना म्हणे "यांची शेती कशी असते ते बघायला मिळालं तर बघू". आता डिस्नेत शेती कुठली, असं वाटेल, पण एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड नावाची संथ बोटीची राईड आहे, ती थेट ग्रीनहाऊसमधून जाते, मातीशिवाय वाढवलेली वांगी, टोमॅटो, भोपळे अगदी जवळून दिसतात. तिने ती आधी कंटाळवाणी म्हणून खोडली होती. मुलीला फ्रोझनमधल्या एल्साला भेटायचं होतं आणि अंधाऱ्या राईड नको होत्या. नवऱ्याला रोज पहाटे उठणं नको होतं. धाकट्याला टॉय स्टोरीतल्या स्लिंकी कुत्र्याच्या गाडीत बसायचं होतं.

आणि तिला स्वतःला काय हवंय? ते लिहायचंच राहून गेलं होतं. माझ्यासमोर बसून तिने विचार केला आणि म्हणाली, एक दुपार मला कुणी काही विचारू नये.

धाकट्याचा मुद्दा इथे जरा सविस्तर सांगते, कारण पार्कातली निम्मी रडारड यातून होते. तिथे बऱ्याच राईडला उंचीची अट असते आणि ती वयावर नसते, गेटवर खरोखर पट्टी लावून मोजतात. स्लिंकी डॉगला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४. मी म्हटलं आजच घरी मोजा. किचनच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने दोन रेघा मारल्या, एक ३८ ची आणि एक त्याची, ती भरली ३७. तो रडला, पण आपल्या घरात, आजीच्या मांडीवर, पोट भरलेलं असताना रडला. तासभर लाईनमध्ये उन्हात उभं राहून मग गेटवर नाही ऐकण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतर तोच सगळ्यांना सांगत सुटला की मी एक इंच कमी आहे, मी डम्बोच्या हत्तीत बसणार, त्याला उंची लागत नाही.

त्या एका रेघेने आणखी एक निर्णय सोपा केला. हॉलिवूड स्टुडिओजमधल्या बऱ्याच मोठ्या राईडला ३८ किंवा ४० इंच हवेत, मुलीला अंधार नको, मग तो पार्कच यादीतून काढला आणि त्या दिवशी पूल. एका दिवसाची तिकिटं वाचली. नवऱ्याला स्टार वॉर्ससाठी जरा वाईट वाटलं, त्याऐवजी त्याने ॲनिमल किंगडममधली एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ही रोलर कोस्टर मागून घेतली. तिथे रायडर स्विच म्हणून सोय आहे, एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा मोठी लाईन लावावी लागत नाही. तीन वर्षांच्या पुढचं मूल घेऊन जाणाऱ्यांना हे माहीत असलं की निम्मी भांडणं कमी होतात.

सासऱ्यांची व्हीलचेअर हा मात्र अवघड विषय. गुडघे दुखतात, पण "मी काय पेशंट आहे का? रोज अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येतो मी." सुनेने समजावलं, मुलाने समजावलं, दोघांवर चिडले. एका सेशनला मी त्यांच्याशीच बोलले. पटवायला गेले नाही, फक्त माहिती दिली. सकाळचं तासभर चालणं वेगळं आणि ऑगस्टच्या दमट हवेत दिवसभर काँक्रीटवर थांबत-थांबत चालणं वेगळं, एपकॉटमध्ये तलावाभोवतीची एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटर भरते, खुर्ची पार्कात भाड्याने मिळते पण सकाळी घेतली तर, दुपारी शिल्लक राहतीलच असं नाही. तुम्हीच ठरवा म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं, एपकॉटला घेऊया, बाकी ठिकाणी नको. वयस्कर माणसांना नकार खुर्चीला नसतो हो, आपल्या पाठीमागे ठरलं जाण्याला असतो.

पैशांचं एकदाच बोलून घ्या हेही सांगितलं. हा नवरा प्रत्येक वस्तूला "बापरे, एवढे?" म्हणायचा आणि तिला दर वेळी ते स्वतःवर आल्यासारखं वाटायचं. दोघांनी बसून एकूण आकडा ठरवला, मुलांच्या खरेदीची रक्कम वेगळी काढली, त्याच्या आत जे होईल त्यावर कॉमेंट नाही. हॉटेलसाठी आर्ट ऑफ ॲनिमेशनमधला फॅमिली सूट घेतला, सहा जण मावतात, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज असतो आणि दोन बाथरूम असतात, हे शेवटचं सासू-सासरे सोबत असले की किती मोठं सुख आहे ते ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून, त्यामुळे सासूबाईंच्या दशम्या, चटणी, खाकरे सगळं गेलं सोबत. रूमवर मेतकूट-भात.

बुकिंगच्या तारखाही वाटून दिल्या. रेस्टॉरंटमधल्या जेवणाचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, रांग टाळायची लायटनिंग लेन डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी सकाळी सातला घेता येते. हे दुसरं काम नवऱ्याचं. त्याच्याकडून एक स्लॉट चुकला आणि तिने दुरुस्त करायला हात पुढे केला नाही, तेव्हा मला वाटलं आता हिला जमेल.

ट्रिप कशी झाली? दोन दुपारी धो-धो पाऊस, तो ऑगस्टमध्ये तिकडे असतोच, म्हणून दुपारी रूमवर यायचं आधीच ठरलेलं होतं. एकदा एअरपोर्टवर नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. मॅजिक किंगडमची आतषबाजी चौघांची हुकली, धाकटा झोपला म्हणून ती त्याला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन बसने परत आली, बाप-लेक थांबले. आधीच्या प्लॅनमध्ये हे तिला अपयश वाटलं असतं, कारण फॅमिली ट्रिप म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं असा तिचा नियम होता. सासऱ्यांनी खुर्चीवर पिशव्या ठेवल्या आणि स्वतः ढकलत निघाले, जेवणानंतर बसले. बोटीची राईड दोनदा केली आणि रात्री साताऱ्याच्या मित्राला फोन करून मातीशिवाय वांगं कसं येतं ते समजावलं. सासूबाईंना पूर्ण अंगभर असतो तसा स्विमसूट ऑनलाइन मागवला होता, त्या पूलमध्ये उतरल्या आणि पहिल्याच झटक्यात पलीकडच्या टोकाला! मुलगी ओरडून सगळ्या पूलला सांगत होती की ती माझी आजी आहे.

एक सांगायला हवं. ट्रिपपुरतं टेन्शन असणं वेगळं, पण बारसं असो, वाढदिवस असो, पाहुणे येणार असोत, प्रत्येक वेळी आठवडे आठवडे झोप उडत असेल, छातीत धडधड होत असेल, तर तो विषय नियोजनाचा नाही, त्यासाठी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, लवकर दाखवा. हिचंही थोडं तसंच होतं, म्हणून आमची सेशन्स अजून चालू आहेत. सध्या विषय दिवाळीला कुणाकुणाला बोलवायचं हा आहे, आणि यादी नवरा करतोय.