पीसीओएसचे निदान नुकतेच झाले असेल तर

ताई, पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणजे संप्रेरकांचे संतुलन बिघडून पाळीवर परिणाम करणारा विकार. सोनोग्राफीत दिसलेल्या ‘गाठी’ म्हणजे बहुधा पूर्ण न वाढलेल्या बीजकोषिका (अंडाशयातील, बीज असलेल्या लहान पिशव्या) असतात. त्यांच्यापेक्षा यात अनेकदा इन्सुलिनला (रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) शरीर नीट दाद देत नाही, याकडे आधी लक्ष द्या. म्हणून उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान न मानता, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी होणारी तपासणी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांविषयी डॉक्टरांना विचारा.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या आहेत:

- भाकरी सोडून उपाशी राहणे. आपली ज्वारीची भाकरी खुशाल खा, सोबत डाळ-उसळ वाढवा. शेंगाचटणी (सोलापूरकरांना हे जड जाईल) चमचाभरच.
- मेटफॉर्मिनने (शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाने) पोट बिघडताच गोळी परस्पर बंद करणे. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेपासून, जेवणासोबत घेतल्यास त्रास बहुधा कमी होतो.

उन्हाळ्यात चालायला पहाटेच निघा.