मीटरला धूळ का दिसत नाही?

प्रश्न : आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जात आहे. दुपारी ओट्यावरून हात फिरवला की तळवा पांढरा होतो, सासूबाईंचा खोकला थांबत नाही. पण मुलाने आणलेला हवेचा मीटर पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा ५०च्या आसपासच दाखवतो. रात्री कोपऱ्यावर कोणी कचरा पेटवला की मात्र झरझर चढतो. साइटवरचे सुपरवायझर म्हणतात, "तुमच्याच मीटरवर बघा, धूळ कुठे आहे?" मीटर बिघडलाय का?
— एक गृहिणी, चेंबूर

उत्तर : ताई, मीटर बिघडलेला नाही, पण धूळ मोजणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही. अशा डबीत बारीकसा पंखा असतो, तो हवा आत ओढतो. लेझरच्या उजेडात कण चमकतात आणि त्या चमकेवरून आकडा काढला जातो. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान, ते हवेबरोबर सहज वळतात. काँक्रीटची, मातीची भुकटी बहुतांशी जाड. १० मायक्रॉनच्या कणाचं वजन त्याच घनतेच्या एक मायक्रॉनच्या कणाच्या हजारपट! तो आतल्या वळणावर कडेला आदळतो, सेन्सरपर्यंत फारसा पोचतच नाही. मग पडद्यावर पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचा, आकडा येतो कुठून? स्वस्त मीटरमध्ये तो बहुधा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. सुपरवायझरसाहेबांनी त्याच्या भरवशावर हात झटकावेत, हे मला अजिबात मान्य नाही.

मी नोकरीत असताना हवेचे नमुने तोलत असे. फिल्टरचा कागद डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, सुकवायचा, सूक्ष्म तराजूवर तोलायचा, हवा ओढणाऱ्या सॅम्पलरला लावायचा, काढून पुन्हा सुकवून तोलायचा. थंडीतल्या रात्रीचा कागद काळा येई. पाडकामाजवळचा राखाडी, मातकट आणि हाताला जड. पण प्रदूषित शहरात रंगावर विसंबून चालत नाही, काजळी सगळ्यावर पसरते. तेव्हा कागदावर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम किती सापडतं ते पाहायचं. ही माती-सिमेंटची खूण. धुरात ती इतकी नसते.

आकाशातूनही हाच पेच पडतो. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई धुरकटली, गाड्यांवर पांढरा थर बसला. अशा वेळी वरून पाहिलं तर धूळ, धूर, धुकं सगळं एकच पांढुरकं. २००६ ते २०२३ काम केलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने त्यावर सुंदर तोड वापरली. लेझरचा झोत खाली सोडायचा; गोल थेंबांवरून परतताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा जवळपास तीच राहते, वेड्यावाकड्या धूलिकणांवरून परतताना ती बरीच बदलते.

तुम्हाला एवढं करायची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर जवळच्या सरकारी केंद्राचे पीएम १० आणि पीएम २.५ चे मायक्रोग्रॅममधले आकडे (निर्देशांक नव्हे) शेजारी शेजारी ठेवून पाहा. धुराच्या रात्री पीएम २.५ हा पीएम १० च्या निम्म्याहून जास्त भरतो. पीएम १० एकटाच उसळला तर धूळ समजा. अर्थात केंद्र लांब असेल तर तुमच्या गल्लीतली धूळ तिथे पोचण्याआधीच खाली बसते. म्हणून ओट्याच्या थराचे, पाडकामाचे तारीख-वेळेसह फोटो काढत राहा.

मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३च्या नियमावलीत उंच पत्रे, ओलं हिरवं कापड, पाण्याची फवारणी आणि साइटवर सेन्सर, हे सगळं आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर एम-पश्चिम वॉर्डाला अर्ज द्या: पाडकाम चालू असतानाचे साइटवरच्या यंत्राचे तासातासाचे पीएम १० आकडे हवेत, आणि ते यंत्र जाड कण खरोखर मोजतं का, तेही लेखी हवं. भारतात पीएम १० ची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे, ती अर्जात लिहा.

सासूबाईंना छातीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, आणि घरात केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरवा.