डलहौसी : आडनाव, किताब की गावाचं नाव?

प्रश्न असा आहे : ‘मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात लॉर्ड डलहौसी आहे. दुसऱ्या पुस्तकात तोच अर्ल ऑफ डलहौसी, तिसऱ्यात मार्क्विस ऑफ डलहौसी आणि एका ठिकाणी चक्क जेम्स रॅम्से. माणूस एकच का? डलहौसी हे त्याचं आडनाव का? आणि लॉर्ड, अर्ल वगैरेंना मराठीत पदवी म्हणायचं, किताब म्हणायचं की आणखी काही?’

माणूस एकच. आडनाव रॅम्से, आईच्या माहेरचं ब्राउन नाव जोडून ब्राउन-रॅम्से. डलहौसी हे स्कॉटलंडमधल्या एका ठिकाणाचं नाव आहे. एडिनबराच्या दक्षिणेला बॉनीरिगजवळ, साउथ एस्क नदीच्या काठी डलहौसीचा गढीवजा वाडा आजही उभा आहे. रॅम्से घराणं बाराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये आलं आणि पुढे या वाड्याच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

आता शब्दाकडे. ‘पदवी’ मला इथे नको वाटते, कारण आज पदवी म्हटलं की विद्यापीठाचा कागद आठवतो. ‘किताब’ चांगला शब्द आहे, फक्त त्याचं मूळ ध्यानात ठेवावं. पुस्तक या अर्थाचा किताब वेगळा आणि आपला हिंदकेसरीचा किताब वेगळा. आपला किताब अरबी ‘खिताब’वरून आला आहे आणि खिताब म्हणजे संबोधन, हाक. हा अर्थ धरला तर निम्मं कोडं सुटतं. ‘लॉर्ड डलहौसी’ ही हाक आहे. ‘अर्ल’ आणि ‘मार्क्विस’ ही पदं आहेत.

स्कॉटलंडच्या उमरावांच्या पाच पायऱ्या वरून खाली अशा : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि लॉर्ड. इंग्लंडमध्ये सर्वांत खालच्या पायरीला बॅरन म्हणतात. स्कॉटलंडमध्ये मात्र बॅरन म्हणजे राजाकडून जमीन मिळालेला जहागीरदार, तो उमरावांत मोडत नाही. ड्यूक सोडून बाकी चौघांना बोलताना ‘लॉर्ड अमुक’ असंच म्हणतात. त्यामुळे ‘लॉर्ड डलहौसी’ कधीच चुकत नाही. त्यावरून नेमकी पायरी कळत नाही, एवढंच.

या घराण्याचा जिना चढायला वेळ लागला. १६१८ मध्ये जॉर्ज रॅम्से लॉर्ड झाला, तोही आधी मेलरोझच्या नावानं. डलहौसीचं नाव पुढच्या वर्षी जोडलं गेलं. त्याचा मुलगा विल्यम १६३३ मध्ये पहिला अर्ल ऑफ डलहौसी झाला. आपल्या पुस्तकातला जेम्स हा दहावा अर्ल. १८४८ च्या जानेवारीत तो गव्हर्नर जनरल म्हणून रुजू झाला तेव्हा अर्लच होता. दुसऱ्या शीख युद्धानंतर पंजाब कंपनीच्या राज्याला जोडला गेला आणि ऑगस्ट १८४९ मध्ये त्याला मार्क्विस करण्यात आलं. त्या किताबात डलहौसीच्या वाड्याबरोबर पंजाबचंही नाव घातलेलं आहे. म्हणजे बारकाईनं लिहायचं तर साताऱ्याचं राज्य खालसा करण्याचा निर्णय घेणारा अर्ल ऑफ डलहौसी आणि नागपूरचं खालसा करणारा मार्क्विस ऑफ डलहौसी. तिन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत.

गफलत होते ती दुसरीकडे. १८३० ते १८३२ या काळातल्या हिंदुस्थानच्या कागदांत ‘लॉर्ड डलहौसी’ भेटला तर तो हा नव्हे, त्याचा बाप, नववा अर्ल जॉर्ज. तो तेव्हा इथे सरसेनापती होता. त्याआधी तो कॅनडाकडे नोव्हा स्कोशियाचा गव्हर्नर होता आणि हॅलिफॅक्सचं डलहौसी विद्यापीठ त्यानं १८१८ मध्ये सुरू केलं. आपली मुलं तिकडे शिकायला जातात तेव्हा घरच्यांना वाटतं की हे संस्थानं खालसा करणाऱ्याचं नाव. ते त्याच्या वडिलांचं आहे. हिमाचलातलं डलहौसी मात्र मुलाचं.

याच्या उलट उदाहरण मुंबईतलं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पुष्कळजण ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ लिहितात. तो अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा, त्यामुळे लॉर्ड कधीच झाला नाही. १८५३ ते १८६० मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याचा पुतण्या. या घराण्यात आडनाव आणि किताब एकच असल्यानं घोळ आणखी वाढतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो तिकडे येतो. ‘खालसा’ हा शब्दही अरबी. खालिस म्हणजे निव्वळ, भेसळ नसलेलं. खालसा जमीन म्हणजे निव्वळ सरकारची, मध्ये जहागीरदार नसलेली. साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतलं होतं. डलहौसीनं तो दत्तक राज्याचा वारस म्हणून मान्य केला नाही. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव आणि डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले आणि दोन्ही राज्यं तशीच खालसा झाली. त्याच १८५३ मध्ये डलहौसीची बायको विलायतेला परतताना जहाजावर वारली. तिच्या मागे दोन मुली राहिल्या. मुलगा नव्हता.

१९ डिसेंबर १८६० ला डलहौसी आपल्या वाड्यात वारला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या पदांचं काय झालं? इथे शब्द जपून वापरावे लागतात. ‘त्याचं मार्क्विसपद खालसा झालं’ असं एका लेखात मी वाचलं होतं. ते चुकीचं आहे. खालसा व्हायला सरकारकडे जमा होण्यासारखं काही लागतं. जमीन जमा होते. स्कॉटलंडच्या कायद्यातही वारस नसला तर मालमत्तेचा शेवटचा वारस राजा असतो. पद कुणाकडे जमा होत नाही. ते संपतं. आपल्याकडे वंशाबद्दल जे क्रियापद आहे तेच इथे चपखल बसतं : मार्क्विसपद खुंटलं.

पण अर्लपद खुंटलं नाही. का? कारण वारस मोजायची सुरुवात ज्याला ते पद पहिल्यांदा मिळालं त्याच्यापासून होते. मार्क्विस पहिला हाच आणि त्याला मुलगा नाही, म्हणून तिथे रेघ संपली. अर्लपद १६३३ चं. तिथून खाली उतरलेल्या पुरुषांच्या फांद्या जिवंत होत्या. ते गेलं चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे आणि तो अकरावा अर्ल झाला. १८७४ मध्ये तोही निपुत्रिक गेला, तेव्हा आणखी एका चुलतभावाकडे. म्हणजे आपल्या भाषेत भाऊबंदांकडे. दत्तक लागला नाही आणि चाललाही नसता. दत्तकाची कायदेशीर सोय स्कॉटलंडमध्ये १९३० पर्यंत नव्हती आणि आजही दत्तक मुलाला उमरावपद मिळत नाही. दत्तक पुत्र पिंड देतो आणि गादीही चालवतो, हे ज्या समाजात उघड होतं आणि दत्तक हा शब्दच ज्या कायद्यात नव्हता, अशा दोन जगांची गाठ साताऱ्याच्या कागदांवर पडली होती. डलहौसीच्या निर्णयाचं समर्थन यातून होत नाही. हिंदू कायद्यात दत्तकाचा हक्क काय आहे, हे सांगणारे लोक त्याच्याभोवती होते आणि कंपनीच्या चाकरीतही होते.

स्कॉटलंडमध्ये दत्तकाच्या जवळ जाणारी एक वाट जुन्या काळी होती, तीही सांगायला हवी. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण होण्यापूर्वी तिथला उमराव आपलं पद राजाच्या हाती परत देऊन, नव्या वारसक्रमासह पुन्हा मागून घेऊ शकत असे. रॉक्सबरोच्या पहिल्या अर्लनं १६४६ मध्ये हेच केलं. त्याला मुलाकडून वारस उरला नव्हता. त्यानं मुलीचा मुलगा विल्यम ड्रमंड याला वारस ठरवलं आणि १६५० मध्ये तो नातू आजोबांचं केर हे आडनाव लावून दुसरा अर्ल झाला. नाव बदललं, घराणं बदललं, गादी चालू राहिली. आपल्याकडच्या कुणाही आजोबांना हा मामला समजावून सांगावा लागणार नाही.

खुद्द रॅम्से घराण्यात नाव बदलण्याचा असाच प्रकार झाला होता आणि शब्दांच्या दृष्टीनं तो फार बोलका आहे. स्कॉटलंडच्याच अँगस परगण्यात पॅनम्यूरचं मॉल घराणं होतं. १७१५ च्या जॅकोबाइट बंडात (जॅकोबाइट म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणारे) पॅनम्यूरचा चौथा अर्ल राजाविरुद्ध गेला आणि १७१६ मध्ये त्याचं अर्लपद जप्त झालं. इथे ‘खुंटलं’ म्हणून चालणार नाही, वारस असूनही ते काढून घेतलं गेलं. त्याच्या पुतण्याला १७४३ मध्ये आयर्लंडच्या उमरावांत नवं अर्लपद मिळालं आणि त्यानं १७६४ मध्ये जुनी इस्टेट विकत घेऊन सोडवली. १७८२ मध्ये तो अविवाहित वारला आणि हे नवं पद मात्र खरोखर खुंटलं. इस्टेट मामाकडून भाच्याच्या घरात आली. भाचा म्हणजे डलहौसीचा आठवा अर्ल. त्याच्या दुसऱ्या मुलानं रॅम्सेच्या जागी मॉल हे नाव घेतलं. १८३१ मध्ये त्याला लॉर्ड पॅनम्यूर करण्यात आलं. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटनचं युद्धखातं सांभाळणारा लॉर्ड पॅनम्यूर तो त्याचा मुलगा फॉक्स, आणि फॉक्स म्हणजेच १८६० चा अकरावा अर्ल ऑफ डलहौसी. अर्ल झाल्यावर त्यानं आडनाव मॉल-रॅम्से करून घेतलं. १८७४ मध्ये तो गेला तेव्हा पॅनम्यूरचं पद पुन्हा खुंटलं, डलहौसीचं चालू राहिलं. एकाच माणसाच्या मृत्यूनं एक पद संपतं आणि दुसरं पुढे जातं. ‘घराण्याची पदवी गेली’ असं ढोबळ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

डलहौसीच्या मुलींना पद मिळालं नाही, पण त्या रिकाम्या हातानं गेल्या नाहीत. आजीकडून आलेली, हॅडिंग्टनजवळची कोल्स्टनची इस्टेट थोरल्या सुसानला मिळाली आणि तिच्याबरोबर एक नाशपातीही. कोल्स्टनच्या ब्राउनांची लोककथा अशी की येस्टरच्या ह्यूगो गिफर्डनं (तो तेराव्या शतकातला, लोकांच्या लेखी जादूगार) मुलीच्या लग्नात एक नाशपाती दिली आणि सांगितलं, हे फळ जपाल तोवर घर भरलेलं राहील. पुढे घरातल्या एका सुनेनं तिला दात लावला आणि घराला उतरती कळा लागली, असंही सांगतात. ते सुकून दगडासारखं झालेलं फळ घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या डबीत जपलं. मुलीच्या हातून आलेली ही ठेव पुन्हा मुलीच्याच हाती गेली. अर्लपद मात्र शेजारच्या फांदीवरून पुरुषांकडे.

धाकटी ईडिथ. तिनं १८५९ मध्ये किलकेरनच्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्याशी लग्न केलं. हेच फर्ग्युसन १८८० ते १८८५ मुंबईचे गव्हर्नर होते आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज त्यांच्या नावाचं. ईडिथ १८७१ मध्येच वारली, तिनं पुणं पाहिलं नाही. पण ज्या पुण्यानं साताऱ्याच्या खालशाची हळहळ जपली, तिथल्या कॉलेजला डलहौसीच्या जावयाचं नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

फर्ग्युसनचं ‘सर’ही नीट समजून घ्यावं. रामकृष्ण भांडारकरांचं ‘सर’ एका माणसापुरतं होतं, ते त्यांच्याबरोबर संपलं. फर्ग्युसन हे सहावे बॅरोनेट, त्यांचं ‘सर’ १७०३ पासून घराण्यात चालत आलेलं. बॅरोनेट उमराव नसतो, पण त्याचा मान वंशपरंपरेनं जातो. मुंबईत याचं उदाहरण जीजीभॉय घराण्यात दिसतं. १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभॉय बॅरोनेट झाले आणि पुढचा प्रत्येक बॅरोनेट जमशेटजी जीजीभॉय हेच नाव लावत आला. ईडिथ अर्लची मुलगी, म्हणून तिला ‘लेडी ईडिथ फर्ग्युसन’ म्हणायचं. नुसतं ‘लेडी फर्ग्युसन’ ही नवऱ्याच्या ‘सर’वरून आलेली हाक.

मराठीत लिहिताना मी असं करतो : हाकेसाठी किताब, पायरीसाठी अर्लपद किंवा मार्क्विसपद, सगळ्या वर्गासाठी उमराव. वारस नसल्यानं गेलं तर खुंटलं, राजानं काढून घेतलं तर जप्त झालं. खालसा हा शब्द राज्य आणि जहागिरीसाठी राखून ठेवावा. ‘मार्क्विस ऑफ डलहौसी’ लिहिलं तर आणखी काही सांगावं लागत नाही, तो एकच झाला. ‘अर्ल ऑफ डलहौसी’ लिहिलं तर मात्र कितवा ते सांगावं, कारण ती रेघ अजून चालू आहे आणि सतरापर्यंत आली आहे.