लॅबसाठी घरचा खाऊ

प्रश्न: आमचा लॅब (लॅब्रडॉर कुत्रा) चार वर्षांचा आहे, आम्ही चहा घेताना त्याला रोज बिस्किटं देतो पण वजन वाढत चाललंय, घरीच काही करता येईल का? तूप-गूळ घालून लाडू केले तर चालतील का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: लाडू नको हो, गूळ पण शेवटी साखरच आणि जास्त तुपाने पोट बिघडतं, कधी स्वादुपिंडाला सूजसुद्धा येते. त्यापेक्षा वाटीभर नाचणीचं पीठ घ्या, त्यात उकडून कुस्करलेला लाल भोपळा अर्धी वाटी आणि एक अंडं, मीठ अजिबात नाही, घट्ट मळून पातळ लाटा, छोटे तुकडे कापा आणि ओव्हनमध्ये 180 डिग्रीवर कडक होईपर्यंत भाजा. ओव्हन नसेल तर मंद आचेवर तव्यावर. फ्रीजमध्ये ठेवा, वास बदलला की सरळ टाकून द्या. एवढाही त्रास नको असेल तर गाजराचा तुकडा द्या, लॅब आवडीने खातात!

मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट यातलं काहीच नको. मनुकांनी किडनी निकामी होऊ शकते आणि कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणून दिवाळीत चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे वरच ठेवा प्लीज. पीनट बटर वापरलंत तर लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विषारी असतं.

आणि खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या 10 टक्क्यांच्या आतच, तेवढं जेवण कमी करायचं. वजनासाठी व्हेटला एकदा दाखवाच.