लोककथांमध्ये प्राणी माणसाचं रूप कशासाठी घेतात?

जगभरच्या गोष्टी पाहिल्या तर बऱ्याचदा संसारासाठी. जपानात कोल्हीण बायको होऊन नांदते, मूल होतं आणि एक दिवस खरं रूप उघडं पडतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर सील कातडं उतरवून बाई होते. कुणीतरी ते कातडं लपवून तिच्याशी लग्न करतो. पुढे कातडं हाती लागलं की ती पोरंबाळं टाकून समुद्रात!

आपली नागपंचमीची कहाणी मला या सगळ्यांत वेगळी वाटते. श्रावण जवळ आला की पुण्यात अप्पा बळवंत चौकात चातुर्मासाची पुस्तकं मिळतात, त्यात ती असतेच. आमच्याकडे दिंडं उकडायला ठेवली की आई ती वाचायची. (त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून सगळं उकडलेलं.)

सगळ्या सुना सणाला माहेरी जातात, धाकटीला माहेरचं कुणीच नाही. ती मनात म्हणते, नागोबाच माझं माहेर. शेषभगवानाला दया येते, तो ब्राह्मणाचा वेष घेऊन दारात उभा राहतो: मी हिचा मामा, न्यायला आलोय. सासरा कोड्यात पडतो, हा मामा इतके दिवस होता कुठे? सुनेला विचारतो, तर तीही बेधडक सांगते, हाच माझा मामा! सोंग नागाचं, पण पार पडतं तिच्या साक्षीवर. वारुळाशी पोचल्यावर नाग स्वतःच खरं रूप दाखवतो आणि तिला फण्यावर बसवून आत नेतो. इथे नवरा-बायकोचा प्रश्नच नाही. त्या पोरीला हवं होतं ते माहेर.

तिसरं कारण विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात सापडतं. एका नागाला नागजन्माची लाज वाटते, त्यातून लवकर सुटका व्हावी म्हणून तो तरुणाच्या रूपात येऊन भिक्खू होतो. पहाटे सोबतचा भिक्खू बाहेर फिरायला गेल्यावर हा निर्धास्त झोपतो, आणि झोपेत रूप टिकत नाही! सगळी खोली सापाने भरते, वेटोळी खिडक्यांतून बाहेर. परत आलेला भिक्खू किंचाळतो. बुद्ध नागाला रागावत नाहीत. उपोसथ (बौद्धांचे व्रताचे दिवस) पाळ, लवकर माणूस होशील, असं सांगून परत पाठवतात. दीक्षा देताना विचारायच्या प्रश्नांतल्या एका प्रश्नाचा संबंध याच गोष्टीशी जोडतात, तो आजही विचारतात: ‘तू माणूस आहेस ना?’