दवा, दुआ आणि महिनाअखेर

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. गेल्या वर्षभरापासून महिनाअखेर जवळ आली की छातीत धडधडू लागते. दुचाकी पार्किंगमध्ये लावून मी बराच वेळ तिथेच बसून राहतो, कारण वर जाण्याचा धीर होत नाही. रात्री झोप लागत नाही, फजरला (पहाटेच्या नमाजला) जाग आली तरी उठवत नाही आणि नमाजला उभा राहिलो तरी डोळ्यांपुढे जुळत नसलेले आकडेच येतात. घरी सांगितले तेव्हा अब्बा म्हणाले, ‘इमान (श्रद्धा) पक्कं असेल तर मनाला काही होत नाही.’ मशिदीतील हाफिजसाहेबांनी सब्र (धीर) करायला सांगितले. पत्नीच्या मते डॉक्टरांकडे जायला हवे. मला मात्र नोकरी सोडून महाडला गावी निघून जावेसे वाटते. माझे इमान खरोखरच कमजोर झाले आहे का?
— एक वाचक, कोंढवा

उत्तर : नाही. आपण लिहिलेली लक्षणे चिंताविकाराची आणि कदाचित त्याच्या जोडीने येऊ लागलेल्या नैराश्याची ओळखीची लक्षणे आहेत. निदान मात्र पत्रावरून करता येत नाही. ते प्रत्यक्ष भेटीत मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचे असते. थायरॉईडच्या विकाराने किंवा रक्तक्षयानेही धडधड होते, तेव्हा रक्ताची तपासणीही करून घ्यावी. पत्नीचे म्हणणे योग्य आहे आणि ते या आठवड्यातच अमलात आणावे.

अब्बांच्या बोलण्यामागे काळजी आहे, पण त्यातली समजूत इस्लामी परंपरेला धरून नाही. कुराणात याकूब पैगंबर मुलाच्या विरहाने इतके झुरतात की त्यांच्या डोळ्यांची दृष्टी जाते, आणि त्यांच्याच तोंडी सुंदर सब्राचे शब्दही आहेत. म्हणजे दुःखाने खचणे आणि सब्र करणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांची बुखारीच्या हदीससंग्रहातील, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहातील, एक दुआ तर आपल्यासारख्या नोकरदाराने आवर्जून वाचावी अशी आहे. चिंता, दुःख, असमर्थता आणि आळस यांच्यापासून आश्रय मागता मागता ती कर्जाच्या ओझ्यापर्यंत आणि माणसांच्या दडपशाहीपर्यंत येऊन थांबते. मनाच्या पीडेचा पगाराशी आणि वरिष्ठांशी संबंध असतो, हे त्या दुआत गृहीत धरलेले आहे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनीच ते का विसरावे, हे मला कळत नाही.

हाच विचार पुढे वैद्यकातही आला. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख प्रांतात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्रित ग्रंथ लिहिला आणि आपल्या काळचे वैद्य केवळ शरीराकडे पाहतात अशी तक्रार त्यात केली. क्रोध, भीती, दुःख आणि मनात वारंवार घुसणारे विचार यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. दुःखाचे कारण माणसाला सांगता येते असा एक प्रकार आणि कारण सांगता येत नाही असा दुसरा, असा भेद करून दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात मानले व त्याला शारीरिक उपचार सुचवले. मन शांत असताना धीराचे विचार साठवून ठेवावेत, कारण ऐन संकटात ते सुचत नाहीत, असाही त्यांचा सल्ला आहे. अशा माणसाला ‘इमान वाढव’ एवढेच सांगून वाटेला लावावे, असे या विद्वानाला वाटले नाही.

तरीही अब्बांना पटणार नसेल, तर त्यांना अकराव्या शतकातील धर्मपंडित इमाम गझालींची हकीकत सांगावी. त्यांच्या इमानाबद्दल तरी घरात शंका निघणार नाही. १०९१ मध्ये ते बगदादच्या निझामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक झाले. तीनशेहून अधिक विद्यार्थी, दरबारात मान, सर्वत्र कीर्ती; आणि १०९५ च्या उन्हाळ्यात एके दिवशी शिकवायला बसले असता त्यांची जीभ चालेना. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की अन्नाचा घास घशाखाली उतरत नव्हता, आणि वैद्यांनी हा विकार मनातून शरीरात उतरला असल्याचे सांगून हात टेकले. सुमारे सहा महिने त्यांची ‘जावे की राहावे’ अशी ओढाताण चालली होती. त्यांच्या व्यथेचे मूळ कीर्तीच्या लोभात आणि हेतूच्या शुद्धतेत होते आणि आपली व्यथा महिनाअखेरच्या कामाची आहे, त्यामुळे दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. पण कामाच्या जागी शरीराने अचानक असहकार पुकारावा आणि तो पुकारणारा माणूस ‘हुज्जत-उल-इस्लाम’ (इस्लामचा पुरावा) म्हणून ओळखला जावा, एवढे जरी अब्बांच्या लक्षात आले तरी घरातले बोलणे बदलेल.

नोकरी सोडण्याच्या आपल्या विचाराबाबतही याच हकीकतीतला एक तपशील महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. गझालींनी पद सोडले तेव्हा संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या निर्वाहापुरते बाजूला ठेवूनच ते दमास्कसकडे निघाले. शिवाय ते कायमचे दूर राहिले नाहीत. ११०६ मध्ये निशापूरला पुन्हा शिकवू लागले. तेव्हा राजीनाम्याचा निर्णय महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घेऊ नये. उपचार सुरू होऊन झोप स्थिरावल्यावर, घरखर्चाचा आणि हप्त्यांचा हिशेब पत्नीसोबत मांडून मगच घ्यावा. महाडला जाऊन बरे वाटेलही. पण उपचाराविना गेलात तर धडधड एसटीत आपल्याबरोबरच चढेल.

सब्राविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हाफिजसाहेबांनी दिलेला धीर मोलाचा आहे, मात्र सब्र म्हणजे अन्याय्य ओझे मुकाट्याने वाहणे नव्हे. हाताखालच्या माणसांवर त्यांच्या ताकदीबाहेरचे काम लादू नका आणि लादलेच तर त्यांना मदत करा, असा आदेश प्रेषितांचे सहकारी अबू झर यांच्या प्रसंगातील हदीसमध्ये थेट मालकाला दिलेला आहे. महिनाअखेरीस आपल्या विभागात दोन माणसांचे काम एकाकडे येते का, बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीची जुळवणी यांसारखी आधी करता येण्याजोगी कामे शेवटच्या तीन दिवसांवर का ढकलली जातात, विक्री विभागाची बिले उशिरा येतात म्हणून रात्री आपण जागता का, हे तारखांसह कागदावर मांडून वरिष्ठांशी बोलावे. ‘मला ताण येतो’ या वाक्याला कार्यालयात उत्तर मिळत नाही. ‘बिले २५ तारखेपर्यंत मिळाली तर ३० तारखेला पुस्तके बंद होतील’ या वाक्याला मिळण्याची शक्यता बरीच अधिक आहे.

नमाजात आकडे दिसतात म्हणून नफिल (ऐच्छिक नमाज) वाढवण्याची शिक्षा स्वतःला करून घेऊ नये. रात्रभर इबादत आणि दिवसा रोजा असा क्रम धरलेल्या अबू दर्दा यांना सलमान फारसी यांनी (दोघेही प्रेषितांचे सहकारी) झोपायला लावले आणि परमेश्वराचा, स्वतःचा व घरच्यांचा असा प्रत्येकाचा हक्क ज्याला त्याला देण्यास सांगितले. प्रेषितांनी सलमान यांचेच म्हणणे उचलून धरले. मात्र नमाज ही एकाग्रता आणि कार्यक्षमता वाढवण्याची युक्ती आहे, असे हल्ली व्याख्यानांतून सांगितले जाते, ते मला पटत नाही. जुहरला (दुपारच्या नमाजला) खुर्चीतून उठून वजू केल्याने (हात-तोंड-पाय धुतल्याने) मान मोकळी होते हे खरे, पण उपासनेला कार्यालयाच्या सेवेला लावले की तीही आणखी एक उद्दिष्टपूर्ती होऊन बसते, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे.

औषधे सुरू झाल्यास रमजानपूर्वी डॉक्टरांशी वेळांबद्दल बोलावे. मात्रा आपल्या मनाने सहरी-इफ्तारला (रोजापूर्वीच्या पहाटेच्या आणि रोजा सोडतानाच्या खाण्याच्या वेळी) वाटून घेऊ नयेत, कारण लिथियमसारख्या औषधांच्या बाबतीत शरीरातील पाणी कमी होणे धोक्याचे ठरते. डॉक्टरांकडे जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमासंरक्षण मिळावे, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. कंपनीच्या गटविम्यात काय बसते ते पाहून घ्यावे. आणि शक्य झाल्यास पहिल्या भेटीला अब्बांनाच सोबत न्यावे.

प्रश्न : माझे पती कुवेतमध्ये एका ठेकेदाराकडे चालक आहेत. पूर्वी रोज रात्री अर्धा तास बोलायचे. आता दोन मिनिटांत फोन ठेवतात. डोके दुखते, छातीत जळजळते, झोप नाही, एवढेच सांगतात. पगार तीन महिन्यांपासून रखडला आहे. सासूबाईंच्या मते त्यांना नजर लागली आहे आणि एक आमिल (मांत्रिक) उताऱ्यासाठी मोठी रक्कम मागत आहे. मी काय करावे?
— एक भगिनी, तालुका खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : आमिलला पैसे देऊ नयेत, हे प्रथम. नजर लागते ही श्रद्धा हदीसमध्ये आहे आणि सासूबाईंची ती श्रद्धा खोडून काढण्याची आपल्याला गरज नाही. फलक आणि नास या कुराणातील सूरा (अध्याय) पढून दम करणे (फुंकर घालणे) त्या स्वतः घरी बसून करू शकतात, त्याला दलाल लागत नाही. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या नावाने मुजावर (दर्ग्याचे सेवेकरी) आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करतात, हे सासूबाईंना जरूर सांगावे. त्याच श्रद्धेची दुसरी बाजू तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसली. तिथल्या एका आश्रयगृहात साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले.

आपल्या पतीच्या तक्रारी शरीराच्या आहेत, परंतु कोकणातून आखातात गेलेला पुरुष ‘मला भीती वाटते’ असे सहसा म्हणत नाही. तो डोके दुखते म्हणतो. तीन महिने पगार नाही, ही त्यामागची अगदी व्यवहारातली गोष्ट असू शकते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, असे हदीस सांगते, आणि तरीही त्याच प्रदेशात कफाला पद्धतीमुळे कामगाराचा निवासपरवाना मालकाशी बांधलेला असतो व नोकरी बदलणे अवघड होते. पगार मिळत नाही म्हणून काम सोडून निघून जाणे मात्र टाळावे. मालक पळून गेल्याची तक्रार नोंदवू शकतो आणि मग कामगारच अडचणीत येतो. पगाराच्या नोंदी, कराराची प्रत आणि बँकेचे उतारे यांची छायाचित्रे त्यांनी आपल्याकडे पाठवून ठेवावीत, कुवेतमधील भारतीय दूतावासाच्या कामगार विभागाकडे तक्रार करावी, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर आपण खेडमधूनही ती नोंदवावी. जून ते ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घेण्यास कुवेतमध्ये मनाई आहे. डोकेदुखी उन्हाळ्यात वाढत असेल तर त्यांच्याकडून त्या वेळेत उघड्यावर काम करून घेतले जाते का, हे विचारावे. छातीतील जळजळ तिथल्या दवाखान्यात दाखवणे आवश्यकच आहे. ती पित्ताची असेल असे इथून ठरवू नये.

फोनविषयी मला वाटते ते असे. एका खोलीत चार-सहा जण राहतात, वरच्या पलंगावर कोणी झोपलेला असतो, खाली कोणी कपड्यांना इस्त्री करीत असतो. अशा ठिकाणी माणूस बायकोशी मोकळेपणाने काय बोलणार? ईशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर मशिदीतून परतताना, रस्त्यावर चालत चालत त्यांनी फोन करावा, असे सुचवून पाहावे. आणि त्या फोनवर पहिला विषय पैशांचा किंवा घराच्या स्लॅबचा नसावा. ‘पैसे कधी येणार?’ हा प्रश्न आपण विचारला नाही तरी त्यांना तो रोज ऐकू येत असतो, म्हणून ‘या महिन्याचे मी इथे भागवते’ असे खरोखर भागवता येत असेल तर स्पष्ट सांगावे. जगणे नको झाल्यासारखे काही ते बोलले, तर मात्र संकोच न बाळगता त्यांच्या खोलीतल्या किंवा गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाला लगेच त्यांच्याजवळ बसायला सांगावे आणि त्यांना रुग्णालयात न्यायला लावावे.

प्रश्न : माझ्या गटात एक मुस्लिम सहकारी आहेत. रमजानमध्ये दुपारनंतर ते थकलेले दिसतात. काम कमी दिले तर त्यांना अपमान वाटेल का? की काहीच न बोलणे चांगले?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : न विचारता काम काढून घेतलेत तर वाटेल, विचारून वेळा बदलल्यात तर वाटणार नाही. थकवा केवळ उपवासाचा नसतो. रात्री तरावीहची नमाज उशिरापर्यंत चालते आणि पहाटे सहरीला उठावे लागते, त्यामुळे महिनाभर झोप दोन तुकड्यांत होते. संयुक्त अरब अमिरातीत या महिन्यात कामाचे दिवसाचे दोन तास कायद्यानेच कमी होतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही, म्हणून हे गटप्रमुखाच्या समजुतीवरच राहते. डोके लावण्याची कामे आणि आढावा बैठका सकाळी घ्याव्यात, चार ते सहा या वेळेत ठेवू नयेत, आणि शक्य असल्यास त्यांना लवकर येऊन लवकर निघण्याची मुभा द्यावी, कारण हिंजवडीच्या वाहतूककोंडीत पाण्याची बाटली आणि खजूर हातात धरून रोजा सोडण्याची वेळ अनेकांवर येते. त्यांच्यासमोर चहा प्यायला संकोचू नये. लपवालपवीनेच अवघडल्यासारखे होते. ते रोजा ठेवत नसतील तर कारण मात्र विचारू नये. आजार किंवा प्रवास यांसाठी कुराणातच सूट आहे आणि ती कोणती हे त्यांनी कार्यालयात सांगण्याचे कारण नाही.