शंका-समाधान : ‘रेटिसंट’ की ‘रिलक्टंट’?

प्रश्न : वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात मी ‘आय ॲम रेटिसंट टू टेक धिस वर्क’ असे लिहिले. तेथे ‘रिलक्टंट’ हवे होते, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. दोन्ही शब्दांतून नाखुशीच व्यक्त होत नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे रास्त आहे. ‘रेटिसंट’ हा शब्द गप्प राहणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला असून, मनातले सहसा न बोलणाऱ्या माणसाला तो लावतात. नाखुशीच्या अर्थाने तो इंग्रजी भाषकांच्या तोंडीही आता येतो. तरीही चोखंदळ वाचकाला तो खटकतो, म्हणून कार्यालयीन पत्रात टाळलेला बरा.

‘रिलक्टंट’च्या मुळाशी झुंजणे, कुस्ती खेळणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे आणि ती झुंज या शब्दात अजूनही जाणवते : मन मागे ओढते, पण माणूस ते काम अखेर करूही शकतो. आपले ‘जिवावर येणे’ याच्या फार जवळचे आहे, कारण थंडीत पहाटे उठणे कितीही जिवावर आले तरी गाडी गाठायची असली की आपण उठतोच. म्हणूनच ‘आय रिलक्टंटली ॲग्रीड’ या वाक्यात होकार आहे, हे ध्यानात ठेवावे. तयारीच नसेल तर ‘अनविलिंग’, आणि निर्णय होत नसेल तर ‘हेझिटंट’.

सौम्य नकारासाठी ‘आय वुड रादर नॉट’ ही रचना मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘आय डोंट वाँट टू’ हे वरिष्ठांपुढे तुटक वाटते. मात्र ‘वुड रादर नॉट’नंतर ‘टू’ येत नाही. ‘आय वुड रादर नॉट गो’ एवढेच म्हणावे. दुसऱ्याने जाऊ नये असे सुचवायचे असेल, तर ‘आय वुड रादर यू डिडंट गो’ असे भूतकाळी रूप येते. आपल्याकडील अनेकांना ते चुकीचे वाटते, पण ‘तू गेला नाहीस तर बरे’ असे म्हणताना आपणही पुढच्या गोष्टीसाठी भूतकाळाचेच रूप वापरतो.

आपल्या पत्रात कारणही जोडावे : ‘आय ॲम रिलक्टंट टू टेक धिस ऑन अंटिल माय प्रेझेंट वर्क इज फिनिश्ड’. यात नाखुशी पोहोचते आणि काम पुढे स्वीकारण्याची वाटही मोकळी राहते.